नवी ताई

"बाळ आलं की तू ताई होणार!" असं सांगितलं आणि आमची चार वर्षांची बुटुकली रुसणं सोडून तयारीलाच लागली. जेवताना बडबड केली म्हणून आजोबांना तोंडावर बोट ठेवून बसवलं. डब्यातली भाजी परत आणली म्हणून ह्यांना कोपऱ्यात उभं केलं. मी आपली पोटावरून हात फिरवत खूश, की लेक किती शहाणी झाली!

आज तिला बालवाडीतून आणायला गेले, तर तिथल्या ताई पडलेल्या चेहऱ्याने दारातच उभ्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "अहो, खरं काय ते सांगून टाका."

"कशाबद्दल?"



"तुमची लेक म्हणते, 'आमचं बाळ आलं की मी ताई होणार. तुम्ही दुसरी नोकरी बघून ठेवा!'"