मांडीवरची चौथी जागा

"वहिनी, विमान छोटं आहे. मांडीवरची पोरं त्यात चारच घेतात. नंतर माझ्या नावानं बोंबलू नका," तिकीटवाला ईश्वर म्हणाला होता. स्वप्नालीनं ते हसण्यावारी नेलं. मांडीवर कोण बसलंय, याच्याशी विमानाला काय देणंघेणं?

त्याला आता दोन वर्षं झाली. आज तिच्यासमोर क्षितिजा बसली होती. मुंबईत शांती नगरात नुकतीच राहायला आलेली, सहा महिन्यांची लेक मांडीवर, आणि रविवारी त्याच विमानानं कोल्हापूरला माहेरी निघालेली.

"बॅग पंधरा किलोच्या वर नेऊ नकोस," स्वप्नाली सांगत होती. "खायला काही देत नाहीत, पाणीसुद्धा विकत. आणि पाऊण तास आधी काउंटर बंद म्हणजे बंद. मग कितीही रडा."

"आणि हिचं काय?"

"दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर, त्यावरच्याला खुर्चीचं पूर्ण तिकीट. पण लवकर जा. बाळांची लाइफ जॅकेटं चारच असतात. पाचवं बाळ घेत नाहीत."

"परत पाठवतात? अगं, मग ते पाचवं बाळ काय करतं?"

स्वप्नालीनं चहावरची साय चमच्यानं बाजूला केली. मग पुन्हा केली.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी कोल्हापूरहून परतताना ती दोन तास आधीच विमानतळावर पोचली होती. लेक अथर्व खांद्यावर झोपलेला. त्याच्या चपला तिनं पर्समध्ये टाकल्या आणि शाल त्याच्या पायांवर ओढून घेतली.

"किती महिन्यांचं?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"बावीस."

"अंगानं चांगलाय हो."

"बापावर गेलाय," स्वप्नाली म्हणाली. तिचा नवरा अभिनव सहा फूट होताच. मुलगी हसली आणि तिनं चौथं बाळ लिहून घेतलं.

सुलू नावाची बाई आली ती त्यानंतर. पदराखाली तीन महिन्यांची पोरगी, तिचे ओठ निळसर. हातात मुंबईच्या दवाखान्याची चिठ्ठी.

"अवो ताई, उद्या सकाळी आठला भरती करायची हाय. काळजाचं आपरेशन हाय. तारीख परत गावायची न्हाई."

"खुर्च्या ढिगानं आहेत हो. पण बाळांचा आकडा भरलाय, मी काय करू?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिनं रांगेकडे वळून विचारलं, "बाळवाल्यांपैकी कुणी उद्याच्या विमानानं जाईल का?"

एकीनं मोबाईल काढला. दुसरी पिशवीत दुधाची बाटली शोधू लागली. तिसरीनं पाठ फिरवली. अथर्व नेमका तेव्हाच जागा झाला. तो तोंड उघडणार, तोच स्वप्नालीनं त्यात लिमलेटची गोळी घातली आणि त्याचं डोकं पदराखाली घेतलं.

सुलू कुणावर चिडली नाही. स्वप्नालीच्याच शेजारी येऊन टेकली. आपलं नाव काय, गाव कुठलं, घर कुठं, सगळं सांगत बसली. उठताना म्हणाली, "तुमचं बाळ लई शांत हाय. दृष्ट काढत जावा त्याची."

विमानात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. स्वप्नालीच्या शेजारची, खिडकीजवळचीसुद्धा.

"तुझा काय दोष गं यात?" क्षितिजा हळूच म्हणाली. तिनं लेकीला जरा जवळ ओढलं. "तान्हं पोर घेऊन तू तरी कशी मागे राहणार? खरं सांगू, मी पण नसते राहिले."

स्वप्नालीनं मान हलवली. नाही की हो, ते कळलं नाही.

"एक काम करशील?" ती म्हणाली. "कागलच्या पुढे गाव आहे, नाव लिहून देते. देवळासमोर पिठाची गिरणी, तिथंच सुलूचं घर. पोरगी आहे का, एवढं बघून ये."

"तू का नाही जात एकदा? तिला बरं वाटेल."

"कुठल्या तोंडानं जाऊ?" स्वप्नाली खाली बघत म्हणाली. "जाशील ना तू? फक्त बघून ये, माझं नाव काढू नकोस. त्या दिवशी अथर्व अडीच वर्षांचा होता."