उरलासुरला गॅस

टँकरमधला पातळ गॅस डेपोच्या टाकीत उतरला होता. आत उरली होती ती नुसती वाफ, आणि ती टँकरवाल्या बूझीदच्या पदरात पडू द्यायला डेपोतला लखदर काही वेडा नव्हता.

"नळ्या सोड," बूझीद म्हणाला. "असरच्या, दुपार कलतानाच्या नमाजानंतर पोरीचा फातिहा आहे. पाहुणे येऊन बसले असतील."

बिस्करा शहरात लग्न पक्कं होतं ते कुराणातला फातिहा वाचून. गेल्या हिवाळ्यात या पोरीचं लखदरच्या मुलाशी ठरता ठरता राहिलं होतं. तेव्हापासून हे दोघे न झालेले व्याही एकमेकांशी फक्त कामापुरतं भांडत.

"नियम आहे," लखदर म्हणाला. "वाफ ओढून घेतल्याशिवाय टँकर सुटत नाही."

"बाकीच्यांचे दोन घोट ओढतोस. माझाच टँकर तेवढा तळापर्यंत चाटायचा?"

"बाकीचे दिलेला शब्द पाळतात."

"शब्द! माझ्या पोरीनं तुझ्या पोराला एकदा नीट पाहिलं. तेवढं पुरलं."

रांगेतले ड्रायव्हर खो खो हसले. लखदर तणतणत गेला, पातळ गॅसची तोटी बंद केली आणि कॉम्प्रेसरचं बटण असं दाबलं, जणू ते बूझीदचं नाक होतं. यंत्र धडधडू लागलं. लखदर पाठ फिरवून खजूर खात बसला. जितका उशीर, तितका खजूर गोड लागत होता.

बऱ्याच वेळानं त्यानं टँकरवरचा दाब पाहिला. काटा उतरायला हवा होता. चढला होता.

कॉम्प्रेसरचा दांडा त्यानं फिरवलाच नव्हता. दांडा एका अंगाला असला की यंत्र डेपोतली वाफ टँकरमध्ये रेटतं आणि तिच्या दाबानं पातळ माल बाहेर पडतो. दुसऱ्या अंगाला वळवला, की टँकरमधली वाफ परत ओढून आणतं. म्हणजे लखदर इतका वेळ बसून वैऱ्याचा टँकर भरत होता.

आता दांडा फिरवावा, तर सगळी रांग बघणार. त्यानं यंत्र बंद केलं आणि मुकाट्यानं नळ्या सोडल्या.

"जा."

"एवढ्यात? हात दुखले का, हाजी?"

"जा म्हणतो ना!"

टँकर फाटकाशी वजनकाट्यावर थांबला. पहारेकऱ्यानं आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि हात आडवा केला. टँकर उलटा सरकत सरकत लखदरच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

बूझीद खाली उतरला. त्यानं दाब पाहिला. दांडा पाहिला. मग लखदरकडे पाहिलं. ईदच्या सकाळीही त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद कुणी पाहिला नव्हता.

"या रे सगळे!" त्यानं रांगेला हाक दिली. "हाजींनी माझ्या टँकरला जेवू घातलंय!"

ड्रायव्हर धावत जमले. लखदरनं मान खाली घालून नळ्या पुन्हा जोडल्या आणि सगळ्यांच्या देखत दांडा फिरवला.

मशिदीतून असरची बांग आली. फाटकातून पहारेकरी ओरडला, "बूझीद, घरून फोन आहे! सगळे खोळंबलेत म्हणे. टँकर राहू दे, मी मोटरसायकलवर सोडतो!"

बूझीदनं एक रिकामं खोकं ओढलं, लखदरच्या अगदी समोर मांडलं आणि त्यावर ऐसपैस बसला.

"त्यांना सांग, माझ्या जागी भावाला बसवून घ्या," तो म्हणाला. "मला इथं काम आहे."