तीस रुपयांचा गजरा

या, जरा जवळ सरकून बसा. बुवा कीर्तनाला उभे राहायच्या आत एक गोष्ट ऐका.

नोटा जाऊन डिजिटल रुपया आला, तेव्हापासून नवऱ्याचा खर्च बायकोच्या फोनवर आणि बायकोचा नवऱ्याच्या फोनवर उमटू लागला. कुमुदला दर गुरुवारी दिसे, 'गजरा, तीस रुपये.' घरी मात्र गजरा कधीच आला नाही.

एका गुरुवारी ती नवऱ्याच्या, यशवंतरावांच्या, मागोमाग याच दत्तमंदिरात आली. "अहो, कुणाच्या केसांत माळता?"

त्यांनी तिसऱ्या खांबाकडे पाहिलं. खांबाच्या पायाशी गजरा होता. "शालन इथे बसून कीर्तन ऐकायची." शालन त्यांची पहिली बायको, जाऊन अकरा वर्षं झालेली. "नोटा असत्या तर तुला कळलंही नसतं."

"जिवंत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या," कुमुद म्हणाली आणि आठवडाभर बोलली नाही.

पुढच्या गुरुवारी यशवंतरावांनी गजरा घेतलाच नाही. कीर्तनात त्यांचा फोन थरथरला. 'कुमुद. गजरे दोन, सत्तर रुपये.' त्यांनी वळून पाहिलं. एक खांबाशी होता. दुसरा, चांगला टपोरा, कुमुदच्या केसांत.

कधी त्या खांबाला टेकून बसलात, तर शालनची आठवण काढा.