हिरकणीचं पथ्य

आगरच्या हिरकणीची शुगर काही केल्या उतरेना आणि वजनही तसंच. डहाणूचे डॉक्टर दर वेळी तेच सांगत. "मावशी, ताटातला भात अर्धा करा. त्याजागी मासळी, अंडी, डाळ वाढवा. पोट भरलेलं राहील आणि वजनही उतरेल."

"अंड्याच्या वासानं आईंना मळमळतं," सून भाविका म्हणाली. "डाळ मी रोज करते. मासळी त्या खात नाहीत."

"समुद्राकाठी राहून मासळी खात नाहीत?" डॉक्टर हसले. मग त्यांनी हिरकणीच्या पायाची न भरलेली जखम पाहिली आणि त्यांचं हसू गेलं. "नातीला मोठं झालेलं बघायचंय ना, मावशी?"

 घरी आल्यावर नातीची वेणी घालता घालता हिरकणी म्हणाली, "भाविका, बोंबील आण गो आज."

भाविका कितीतरी वेळ दारातच उभी राहिली. मग पिशवी घेऊन बाजारात गेली.

पुढच्या काही महिन्यांत वजन उतरलं, शुगर उतरली, जखमही भरत आली. डॉक्टर खूश झाले. "बघा! हेच आधी ऐकलं असतं तर?"

&nbsp;

समुद्रात गेलेला मुलगा दीपेश घरी येईपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही, असं हिरकणी देवीला बोलली होती. तिनं बोंबलाचा पहिला घास घेतला, त्याच दुपारी भाविकानं आपलं मंगळसूत्र काढून ठेवलं.