जोडीचा कॅमेरा

लघुपटाच्या ऐन चित्रीकरणात कॅमेरा बंद पडला तर दुसरा हाताशी असावा, म्हणून तिने स्वस्तातला कॅमेरा पारखायला घरी आणला. दुपारी पडदे ओढून तो झोपलेल्या बाळासमोर लावून ती स्वयंपाकघरात फोनवर त्याचं थेट चित्र बघत बसली. बाळाची छाती हलत नव्हती. “चित्र अडकलंय गं, स्वस्तातला माल!” नवरा म्हणाला. तेवढ्यात चित्रातला पडदा हलला. म्हणजे चित्र अडकलेलं नव्हतं. खुर्ची पाडत ती आत धावली. बाळाच्या नाकाखाली बोट धरलं. काहीच लागेना. मग इवलासा उबदार श्वास लागला. “कमी उजेडात बारीक हालचाल दिसत नाही याला,” मागोमाग आलेला नवरा कापऱ्या आवाजात हसला, “चालवून घेऊ, जोडीलाच तर हवाय.” “पहिला बंद पडल्यावर याच्याच भरवशावर राहायचं ना?” तिने एका हाताने कॅमेरा बंद केला. दुसऱ्या हाताचं बोट मात्र नाकाखालून हललं नाही.