बाळा मेस्त्रीचा खिळा

गंधालीची बॅग भरून झाली तरी अनंत पेपरातून डोकं वर काढेना. सकाळपासून तो एकच पान वाचत होता आणि त्यातलं एक अक्षर त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

खाली सोसायटीच्या गेटपाशी नितेश गाडी घेऊन थांबला होता. रजिस्टर लग्न, साक्षीदार दोघांचे मित्र. मुलगा नाहूरचा, नोकरी चांगली, वागायला सरळ. वर्षभर अनंतला तो पसंतही होता. मग गेल्या महिन्यात बोलता बोलता मूळ गाव निघालं, गावावरून पणजोबा निघाले आणि तिथेच सगळं फिसकटलं. नितेशचा पणजोबा म्हणजे बाळा मेस्त्री.

"पप्पा, निघते मी," गंधाली म्हणाली.

"हं."

"खालपर्यंत तरी ये ना."

अनंतने मान वर केली, पण तिच्याकडे नाही, भिंतीकडे पाहिलं. मुलुंडच्या त्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर, काचेच्या चौकटीत, सागाची हातभर फळी टांगलेली होती. तिच्या कडेला एक लोखंडी खिळा रुतलेला होता, गंजून काळा पडलेला. पाहुणे विचारत आणि अनंत सांगे. सांगायला त्याला आवडायचं, खोटं कशाला बोला.

कोकणात खाडीकाठी त्याच्या आजोबांची गोदी होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने तिथून पाणसुरुंग काढणाऱ्या बोटी बांधून घेतल्या. समुद्रात पेरलेले हे सुरुंग लोखंडाच्या नुसत्या चाहुलीने फुटायचे, म्हणून बोट अख्खी सागाची आणि खिळे तांब्याचे. इंजिनाच्या लोखंडाचा बंदोबस्त सरकारी माणसं करून जात. बाकी सगळं लोखंड गोदीच्या दारातच अडायचं, कोयत्यापासून टाचणीपर्यंत. हेडमेस्त्री बाळा लोहचुंबक घेऊन दारात उभा राहायचा आणि एकेका गड्याला तपासून आत सोडायचा. मालकांना कोण तपासणार? ते लहानग्या लेकीला खांद्यावर बसवून ऐटीत आत जायचे. आणि बाळाला तरी कोण तपासणार?

बोट पाण्यात गेली की पहिल्या फेरीला मालकाने स्वतः बसायचं, ही गोदीची रीत. दोन बोटी सुखरूप गेल्या. तिसरी खाडीच्या तोंडाशीच फुटली. आजोबा सापडले नाहीत. ही फळी तेवढी किनाऱ्याला लागली.

तांब्याला तेव्हा भाव होता. बाळाने तांब्याचे खिळे विकून लोखंडी मारले, असं गावाने ठरवलं. देवळात नारळावर हात ठेवायला तो तयार होता, पण त्याच्यापुढे नारळ ठेवायला कुणी तयार नव्हतं. त्याला वाळीत टाकलं. गोदी बसली. बाळा मुंबईला आला आणि कांजूरमार्गला खोकी ठोकता ठोकता मेला. बरं झालं, असं अनंतचे वडील म्हणायचे. पाळण्यात असतानाच त्यांचा बाप गेला होता, त्यांचंही काय चुकलं?

"एका खिळ्याने बोट फुटते का रे पप्पा?" गंधालीने विचारलं. महिन्याभरात हे तिने बऱ्याचदा विचारलं होतं.

"सापडला एक. बुडाले किती, ते कोण मोजायला गेलंय?"

"नितेशच्या घरी अजून कोणी भिंतीला खिळा मारत नाही. कॅलेंडरसुद्धा चिकटवतात. त्याच्या आजोबांना शाळेत पोरं खिळेचोर म्हणायची म्हणून."

अनंतने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

"ती फळी उतरव. लग्नाला नको येऊस. पण फळी उतरव, मग तो वर येईल, पाया पडेल आणि आम्ही जाऊ. एवढंच मागते."

"ती फळी माझ्यामागेसुद्धा उतरायची नाही."

हे म्हणताना त्याला राग आला नाही. रडूही आलं नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसा तो महिनाभर होता. एकुलती एक मुलगी निघाली होती, हे त्याला कळत होतं, पण कुठे दुखत नव्हतं.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. "बस, आता विषय बंद," जयंती नवऱ्याला हळूच म्हणाली.

मालनआत्या, अनंतच्या वडिलांची थोरली बहीण. नव्वदीला टेकलेली. लग्नासाठी म्हणून दहिसरहून मुद्दाम आली होती. तिचे वडील बोटीवर गेले तेव्हा ती सहा वर्षांची. बोट वादळात बुडाली, असं तिला सांगितलं आणि लगेच मामाकडे धाडून दिलं. तेव्हापासून तिच्यापुढे वादळच. सुरुंग, खिळा, बाळा मेस्त्री हे शब्द तिच्यासमोर काढायचे नाहीत, ही घरची शिस्त. भिंतीवर काय टांगलंय ते तिला आता दिसतही नव्हतं.

जयंतीने लेकीच्या हातावर दही ठेवलं. आत्याने चाचपडत बॅग शोधली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आत सरकवलं. गंधालीने फडकं उलगडलं. दोन लोखंडी खिळे.

अनंतच्या ओठांना महिन्याभरात पहिल्यांदा हसण्यासारखं काहीतरी झालं. दहावीच्या परीक्षेला त्याच्या खिशातही आत्याने असाच खिळा घातला होता.

"हे काय गं आजी?"

"रवांदे. पाळण्यात पोराच्या उशाखाली ठेवतत ना, तसा. घरातला माणूस भायर पडला की लोखंड सोबत द्यायचा. वायट जवळ येणा नाय."

"पण दोन कशाला?"

आत्याने तिच्या गालावरून हात फिरवला.

"बाबांच्या बोटीत मी एकच ठोकललंय," ती म्हणाली. "तो पुराक नाय."