कोरं नाव

पाळण्याभोवती बायका दाटीने उभ्या होत्या आणि आत्याच पुढे येईना. आत्या म्हणजे अपेक्षा, बाळाच्या बापाची, सुमितची, थोरली बहीण. सकाळी कर्जतहून कुंभिवलीला माहेरी आली ती ओटीवरच थांबली होती.

"मी सांगते कानात," ती आईला हळूच म्हणाली, "पन ते नाव नको. दुसरं कायतरी ठेवा."

"आता दुसरं कुठनं आणू? केकवर लिवून आलंय," चंद्रभागा म्हणाली.

केकवर खरंच लिहिलं होतं, गुलाबी अक्षरांत: मेत्ता. सगळ्यांवर सारखी माया, असा त्याचा अर्थ. दोन वर्षांपूर्वी पोटुशी असताना अपेक्षाने विहारातल्या वाचनात हा शब्द ऐकला. पंचक्रोशीत कुणाचं नाही असं नाव मिळालं म्हणून हरखली, आणि पोटात राहीना म्हणून माहेरी येऊन सगळ्यांना सांगून बसली. मुलगी झाली. बारशाआधीच गेली.

"आई, माझ्या मेत्ताचं नाव हाय ते."

"तुझ्या पोरीच्या कानात कुठं पडलं व्हतं? बारशाआधी गेलेल्या लेकराला नाव नसतं गं. कोरंच हाय ते. वाया घालवायचं का?"

सुमितला वाटलं, आईचं जरा जास्तच झालं. म्हणून तो बहिणीची समजूत काढायला आला. "तायडे, एवढं काय धरून बसतेस? कंपनीतल्या नीलेशनं पन त्याच्या पोरीला हेच ठेवलंय, मागच्या साली. मीच सुचवलं. तिथं समद्यांना आवडतं."

समजूत काढण्यात सुमितचा हात कुणी धरला नसता. अपेक्षाच्या आत नुसता भडका उडाला होता, पण मूल गेलेल्या बाईने दुसऱ्याच्या पाळण्यापाशी डोळे पुसले की लोक त्याला दृष्ट लावणं म्हणतात, हे तिला ठाऊक होतं.

ती पुढे झाली. बाळ मूठ तोंडाशी धरून झोपलं होतं. भाचीचा राग यावा म्हणून अपेक्षा जरा थांबली. राग आला नाही, तेच जास्त लागलं. मग तिने वाकून कानात नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, हसत-खिदळत.

"मोठ्यानं सांग गं, आमाला कुठं ऐकू आलं!"

तिने मोठ्याने सांगितलं. पुन्हा धपाटे.

घुगऱ्या वाटायचं कामही तिच्याकडेच आलं. खुर्चीत भावजयीची, हर्षलाची, मैत्रीण बसली होती. रिया तिचं नाव. शेलूच्या नव्या बिल्डिंगमधून आली होती, दिवस भरत आलेले.

"किती वेगळं नाव आहे गं! कुणी शोधलं?"

"मीच," हर्षला म्हणाली. "नेटवर."

"मला मुलगी झाली ना, तर मीपण हेच ठेवणार. आमच्याकडे कुणाचंच नाहीये." रियाने अपेक्षाकडे बघितलं. "चालेल ना, ताई?"

अपेक्षाने तिच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या.

"ठेव की," ती म्हणाली. "फक्त बारशाआधी कुणाला सांगू नको. मी सांगितलं होतं."